विश्वास बसतो, विश्वास उडतो

विश्वास बसतो आणि विश्वास उडतो. पाखराला शोभणारी ही दोन क्रियापदे मराठीने या शब्दाला जोडून दिली आहेत. पाखरू धरून फांदीवर बसवता येत नाही; ते आपल्या मनाने येऊन बसते आणि एका खड्याने उडून जाते. खात्रीचे तसे नाही. खात्री करून घेता येते. नाणे वाजवून पाहावे, कापड चाचपावे, वजन दुसऱ्या काट्यावर ताडून घ्यावे. असे पडताळणे जिथे संपते, तिथे विश्वासाचे काम सुरू होते.

मूळ संस्कृत शब्दात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. ज्याच्याजवळ निर्धास्तपणे श्वास घेता येतो, त्याच्याविषयी वाटतो तो विश्वास. ‘भरवसा’ पावसाचाही धरता येतो. विश्वासाला बहुधा समोर माणूस लागतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव मारले गेले. ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे म्हणून उधारी मागणाऱ्याला हसत हसत वाटेला लावण्याची रीत त्यातून पडली. एका कोवळ्या मुलाच्या मृत्यूचा असा विनोद व्हावा, हे थोडे खटकतेच.

राज्यकारभारात विश्वास मोजला जातो. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली व केंद्रातील सरकार गेले. तिथे या शब्दाचा अर्थ केवळ बहुमत एवढाच उरतो.

याउलट गल्लीतली भिशी पाहावी. दहा बायका दरमहा ५०० रुपये काढतात, चिठ्ठ्या टाकतात आणि जिचे नाव निघेल तिला ५,००० रुपये मिळतात. करार नाही, तारण नाही. एका वहीत नावांपुढे खुणा तेवढ्या असतात. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली, तिने खरे तर कर्जच घेतलेले असते. पण तसे कोणी म्हणत नाही. पुढचे नऊ महिने तिने पैसे भरत राहायचे. ती मध्येच घर बदलून निघून गेली, तर बाकीच्यांनी कुठे दाद मागायची? भिशी बुडाल्याच्या हकिकती सर्वांनीच ऐकलेल्या असतात आणि तरीही नवी भिशी सुरू होते.

कसोटी लागते ती शेवटच्या चिठ्ठीवालीची. नऊ महिने ती दुसऱ्यांच्या मुलांची भरलेली फी आणि दुसऱ्यांच्या घरांवर चढलेले नवे पत्रे पाहत असते. घरात सिलिंडर संपलेला असतो, पाहुणे आलेले असतात. तरी ठरलेल्या दिवशी ती पदराची गाठ सोडून ५०० रुपये पुढे करते आणि वहीत आपल्या नावापुढे खूण होईपर्यंत तिथेच उभी राहते.