सवडीचं काम

माझी आई नंदाखालहून पहाटेच्या एसटीनं विरारला जायची आणि तिथून लोकलनं सांताक्रूझला. अंगावर लाल लुगडं, डोक्यावर पाटी. पाटीत पालेभाजी, केळी आणि सगळ्यात वर ओल्या फडक्यात बांधलेल्या मोगऱ्याच्या कळ्या. दुपारी परत आली की चूल, गोठा आणि संध्याकाळी पुन्हा वाडीत भाजी काढणं. वडिलांना नोकरी होती, म्हणून घरात आईच्या कमाईला ‘वरखर्चापुरती’ म्हणत. मीही म्हणायचे. शाळेत कुणी विचारलं तर ‘आई घरीच असते’ असं सांगायचे. हे आज लिहितानाही जड जातं.

पुढे शिकले, अंधेरीच्या एका खासगी ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर बसले आणि पक्कं ठरवून टाकलं की नोकरी एक, पगार एक. जोडीला काही करणारा माणूस एक तर हावरा असतो, नाही तर अडलेला, असं मी उघड बोलत असे. वहिनीनं घरी गजरे करून द्यायला घेतले, तेव्हा तिलाही मी हेच ऐकवलं होतं.

आमच्या भागात खरं तर वाडी हाच मूळ धंदा. पानवेल, केळी, फुलं, भाजी. पण विरारकडून इमारती सरकत आल्या, टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, कुठे कुठे पाणी मचूळ झालं. आमच्याच गावात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतर्फे रस्त्यावर उतरले ते याच पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. मी तेव्हा लहान होते. पाणी गेलं तर गावाचा मुख्य धंदाच जोडधंदा होऊन बसेल, हे मला कळत नव्हतं. आज घरोघरी नोकरी आधी आणि वाडी नंतर, असंच झालं आहे.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत लोकल बंद झाली. एप्रिलपासून माझा पगार निम्मा झाला. घरून काम सुरू होतं, कर्जाचे हप्तेही सुरू होते. ऑक्टोबरच्या 21 तारखेपासून बायकांना ठरावीक वेळेत लोकलनं जायची मुभा मिळाली, पण आमचं ऑफिस काही उघडलं नाही. दिवाळीनंतर उन्हं कोरडी झाली आणि मी सुकेळी करायला घेतली.

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. आगाशी-नंदाखाल पट्ट्यातला हा जुना पदार्थ, आता मोजक्याच घरांत होतो. घड पूर्ण पिकू द्यायचा, साल काढायची आणि केळी मांडवावर एकेक सुटी पसरायची. उन्हाप्रमाणे दिवसातून दोनदा उलटायची. माशी बसू द्यायची नाही. सूर्य कलला की सगळी गोळा करून झाकून आत घ्यायची, कारण दव लागलं की माल गेला. असे सहा-सात दिवस. हळूहळू केळ्याचा रंग मधासारखा होतो, बोटांना चिकटपणा येतो आणि अंगणभर वास सुटतो. मग ती केळीच्या सुक्या पानांत घट्ट बांधायची. भरली पाटी सुकून तळाशी बसते, तेव्हा पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव खालीवर होतो.

पहिला माल ओळखीपाळखीत गेला. 3,200 रुपये आले. केळी, बांधणी आणि रिक्षा मिळून 2,050 खर्च. 1,150 रुपये सुटले. मी मनापासून खूश झाले. सवडीत केलेलं काम, तेवढेच वरचे पैसे! हिशेबाचा कागद मी आईला दाखवला. तेव्हा ती 78 वर्षांची होती. चष्मा लावून तिनं शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, “यात तुझी मजुरी कुठाय?”

“घरचंच तर काम, आई. मजुरी कसली?”

“मीपण असंच म्हणायचे,” ती म्हणाली. “मी कधी धरली नाही. तू तरी धर.”

दुसऱ्या मालाला मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहीत गेले. सोलायला दोन तास. रोजचं पसरणं, उलटणं, राखणं, उचलणं. बांधणी. पोचवणं. बेरीज आली 19 तास. सुटलेले पैसे जवळपास पहिल्या मालाइतकेच होते, म्हणजे तासाला साठ रुपये. आमच्याच वाडीत खुरपणीला येणाऱ्या बाईला आम्ही याहून जास्त देत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. साठ रुपयांचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईचं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि घरातला सगळ्यात मोठा आकडा कधी मांडलाच नाही. वडिलांचा पगार कुठे गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईचे तास कुणाच्याच वहीत नव्हते. आणि ‘सवड’ तिला होती कधी? कळी उमलायच्या आत खुडावी लागते, लोकल कुणासाठी थांबत नाही, गिऱ्हाईक सकाळीच येतं. तिचा दिवस फूल, गाडी आणि बाजार ठरवत होते.

मी भाव वाढवला. काही गिऱ्हाइकं तुटली, उरली ती आजही आहेत. 2021 मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी करून घेतली. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना तेव्हा 100 रुपये फी होती. वहिनीची मी माफी मागितली. तिनं ती मनावर घेतली नव्हती असं म्हणाली, पण मला मागणं भाग होतं.

माझा भाचा नोकरीवरून आल्यावर विरारमध्ये मोटरसायकलवरून घरोघरी जेवण पोचवतो. ‘पाहिजे तेव्हा ॲप सुरू करायचं, नको तेव्हा बंद,’ असं त्याला वाटायचं. पण माणसं जेवण मागवतात रात्री आठ ते दहा, म्हणजे त्याची सवडही दुसऱ्याच्या भुकेला बांधलेली. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अशी ‘गिग’ कामं करणारे 2020-21 मध्ये 77 लाख होते आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असा अंदाज आहे. भाच्याला मी कॅलेंडर दिलं. पेट्रोल, टायर, ऑइल आणि फेरीची वाट बघत उभं राहिलेला वेळसुद्धा लिही म्हटलं. महिन्याभरानं त्यानं आठवड्यातले दोन दिवस सोडले, बाकीचे ठेवले. कुठले परवडतात ते त्याला आता कळतं.

जोडकाम करणाऱ्याला मी आता हावरा म्हणत नाही, आणि ‘फावल्या वेळात सहज होतं’ असंही कुणाला सांगत नाही. दोन्ही चूक होतं. माझा पगार पूर्ववत झाला, तरी सुकेळी मी सोडली नाही. हंगामात शेजारच्या दोघी मदतीला येतात, त्यांना तासाप्रमाणे पैसे देते आणि स्वतःचेही तेवढेच धरते.

तुमच्या घरात कुणी गजरे करत असेल, शिकवण्या घेत असेल, डबे देत असेल, तर एक महिना त्यांचे तास लिहून काढा. आणि ते लिहायचं काम त्यांच्यावर टाकू नका, तुम्ही करा.