एकविसाव्या दिवसाची सुई

पुणे-मुंबई रस्त्यावरील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला जुनी माणसे 'पेनिसिलीनचा कारखाना' म्हणत. १९५४ साली हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी साहाय्य केले आणि १९५५ मध्ये येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. अशा गावाच्या परिसरात वेळेवर पेनिसिलीन न मिळाल्याने एखाद्या लेकराचे हृदय निकामी व्हावे, याहून मोठी खंत कोणती?

हा विकार म्हणजे र्‍हुमॅटिक हृदयरोग. श्रीमंत देशांत तो आता दुर्मीळ झाला आहे. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतून मात्र हटलेला नाही. आरंभ साध्या घसादुखीने होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजतो व बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती हृदयाच्या झडपांवरच उलटते. हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. पाच ते पंधरा हे वय विशेष जोखमीचे. पुष्कळ मुलींचा हा आजार पुढे गरोदरपणी धाप लागू लागल्यावरच उघडकीस येतो.

चाकणच्या कारखान्यांमागे आलेले एक कुटुंब आमच्या धर्मग्रामात आहे. एका खोलीत सहा माणसे. थोरल्या मुलीला हा ताप येऊन गेला होता. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनची सुई घ्यायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. सुई फार दुखते आणि त्या दिवशी आईची मजुरी बुडते. "सिस्टर, पोर तर खेळतीये, मग सुई कशाला?" आईने विचारले. सिस्टर म्हणाल्या, "बाई, सुई झालेल्या तापासाठी नाही, पुढे येऊ शकणाऱ्या तापासाठी आहे. तो पुन्हा आला, तर झडप आणखी बिघडेल." महिला मंडळाने मुलीला दवाखान्यात नेण्याची पाळी आपसांत वाटून घेतली. तेव्हापासून एकही सुई चुकलेली नाही.

अशी सुई किमान पाच वर्षे किंवा अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोवर, घ्यावी लागते. हृदयाला इजा झाली असल्यास त्याहून अधिक काळ. मूळ घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध मिळाले, तर हा ताप बहुधा टळतो. म्हणून ताप व घसादुखी असलेले मूल डॉक्टरांना दाखवावे. औषधाची अॅलर्जी असल्यास आधी सांगावे. गोळ्या दिल्या तर बरे वाटले तरी मध्येच सोडू नयेत.

परमेश्वराने औषधे भूमीतून निर्माण केली, शहाण्याने ती तुच्छ लेखू नयेत, असा बोध बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात आहे. पेनिसिलीन तर साध्या बुरशीतून लाभले. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही. घरच्या कॅलेंडरवर आपण सणांच्या खुणा करतो. ज्या घरी असे मूल आहे, तेथे एकविसाव्या दिवसावरही एक खूण असावी, आणि शेजाऱ्यांनाही ती ठाऊक असावी.