आईची वेणी, मुळशीचं पाणी

शनिवारी सकाळी साडेसातच्या आत चांदणी चौक पार केलात, तर तुम्ही जिंकलात. साडेआठला निघालात, तर अर्धा वीकएंड भूगावपर्यंत ब्रेकवर पाय ठेवण्यातच जाणार! मी अर्थातच साडेआठवाली. पण या वेळी चिडचिड झाली नाही. शेजारच्या सीटवर एक पिशवी होती आणि पिशवीत, जुन्या ओढणीत गुंडाळलेली, हातभर लांब वेणी. आईची.

एरवी मुळशी म्हणजे आपल्यासाठी काय? पाऊस, कणीस, कांदाभजी, ताम्हिणीतले सेल्फी आणि एचआरने जबरदस्तीने नेलेली टीम आउटिंग. माझीही मजल तेवढीच. पण माझी एक मैत्रीण आयटीतली नोकरी सोडून तिथे धरणाजवळ राहायला गेलीये. चांदीचे दागिने हाताने घडवते. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "सध्या हेअरवर्क शिकतेय. माणसांच्या केसांचे दागिने." माझी पहिली रिअ‍ॅक्शन... ईईई! दुसरी रिअ‍ॅक्शन यायला आठवडा लागला. मग मी आईचं कपाट उघडलं.

तर हे हेअरवर्क प्रकरण काय आहे? केस आधी लांबीप्रमाणे निवडायचे. सोड्याच्या गरम पाण्यात घालून त्यांचा तेलकटपणा काढायचा. मग अक्षरशः मोजून बटा करायच्या आणि प्रत्येक बटेच्या टोकाला छोटंसं वजन बांधायचं. मध्ये भोक असलेल्या गोल टेबलावर या बटा चहूकडे सोडून, मधल्या नळीभोवती एकमेकींवरून उचलत विणत जायचं. वीण झाली की नळीसकट उकळायची आणि वाळवायची. केस तोच आकार धरतात. नळी काढली की उरते पोकळ, जाळीदार, आश्चर्य वाटेल इतकी मजबूत दोरी. टोकांना चांदीची टोपणं बसवली की ब्रेसलेट तयार! मैत्रिणीचं टेबल म्हणजे भोक पाडलेलं लाकडी स्टूल आणि वजनं म्हणजे मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसं. जुगाड आपल्या रक्तातच आहे.

१९व्या शतकात युरोप-अमेरिकेत याची प्रचंड क्रेझ होती. प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने त्याचे केस ठेवलेले दागिने वापरले. पण हे फक्त दुःखाचं प्रकरण नव्हतं. मैत्रिणी, बहिणी, प्रेमात पडलेली मंडळीही एकमेकांना केसांची बट द्यायची. स्वीडनमधल्या व्होमहूस गावच्या बायका तर शेतीवर भागेना म्हणून ही कला घेऊन देशोदेशी फिरल्या आणि कमाई घरी घेऊन आल्या. अमेरिकेत मार्क कॅम्पबेलने १८६७ मध्ये घरच्या घरी हे काम शिकवणारं पुस्तकच काढलं. सोनाराकडे दिले तर आपलेच केस परत मिळतील याची काय गॅरंटी, ही लोकांची भीती!

आणि आपल्याकडे? केसांचे दागिने होते, पण प्राण्यांच्या केसांचे. अस्वलाचा केस घातलेला ताईत लहान मुलांच्या गळ्यात असायचा, हौशी बोटांत हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी. (आता विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मामला आहे.) माणसाचा केस मात्र डोक्यावर असेपर्यंतच लाडका. गळला की गुंतवळ. फार तर गंगावनात जायचा, नाहीतर कचऱ्यात.

त्याच व्हिक्टोरियाच्या काळात तिकडची विधवा नवऱ्याचे केस लॉकेटमध्ये जपत होती आणि इकडे पांढरपेशा घरांत विधवेचेच केस उतरवले जात होते. केशवपन. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना एकत्र आणलं आणि त्यांनी या कामाला नकार दिला. तरी प्रथा पुढे कित्येक वर्षं रेंगाळलीच.

हे मला पुस्तकातून नाही, घरातून ठाऊक आहे. आईच्या आजीचं केशवपन झालं होतं. लाल आलवणाखालचं ते डोकं आईने लहानपणी पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी आईला कॅन्सर निघाला. केमो सुरू व्हायच्या आदल्या रविवारी तिने स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि आरशासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "आई, थांब ना, पार्लरमध्ये जाऊ." ती म्हणाली, "माझ्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. माझी कात्री माझ्याच हातात राहू दे."

त्या दिवसापासून ती वेणी कपाटात होती. आई बरी झाली. केस परत आले, चक्क कुरळे! वेणीचा विषय मात्र घरात कुणीच काढला नाही.

दुपारी आम्ही विणायला बसलो. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. दूध घेऊन येणाऱ्या आजी शेजारी येऊन टेकल्या. त्यांच्या गळ्यात चांदीची जाडजूड सरी. मी कौतुक केलं, तर म्हणाल्या, "आजेसासूची हाय ती. गाव बुडालं तवा अंगावर व्हतं तेवढंच वर आलं बग." आणि पाण्याकडे बोट करून घर कुठे होतं, खळं कुठे होतं, ते सांगत बसल्या. जणू कालच राहून आल्यात!

हे धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, तिथे वीज होते. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. पण त्याआधी, १९२१ च्या रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह सुरू केला होता. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. लढा तीन वर्षं चालला. जमीन वाचली नाही. ज्या पाण्यापुढे आपण सेल्फी काढतो, त्याच्याखाली पन्नासच्या आसपास गावांची शेतं आणि घरं आहेत.

चार तासांत जेमतेम बोटभर वीण झाली. बोटांची वाट लागली होती. मैत्रिणीने तिला चांदीची टोपणं बसवून पेंडंट करून दिलं.

रात्री घरी आल्यावर ते आईच्या हातात ठेवलं. मला वाटलं, "शी, गळलेले केस कसले गळ्यात घालतेस" असं काहीतरी ऐकावं लागणार. तिने दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिलं. "इतके काळे होते माझे केस?" मग तिनेच ते माझ्या गळ्यात अडकवलं. "आत्ताच घाल. मी गेल्यावर जपून ठेवायला केलेलं नाहीये हे."

सोमवारी ऑफिसला घालून गेले. कलीग म्हणाली, "क्यूट आहे! कुठून घेतलंस?"

म्हटलं, "मुळशी."

जायचं असेल तर...
पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौडमार्गे मुळशी धरण साधारण ४०-४५ किमी. ताम्हिणीमार्गे कोकणात जाणारी एसटीही चालेल. पावसाळ्यात घाटात गाडी जपून चालवा, धरणाच्या पाण्यात उतरू नका आणि कचरा परत घेऊन या. वाटेत कुणी आजी भेटल्याच, तर त्यांचं मूळ गाव कुठलं, हे जरूर विचारा.