वैयक्तिक कारणास्तव

राजीनामा मी माझ्या हाताने लिहिला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. टाइप केलेल्या कागदावर सही घेतली असती तर निदान सांगता आलं असतं, की न वाचता केली. पण एचआरच्या साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला, पेन दिलं आणि मजकूर सांगितला. ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ शाळेत शुद्धलेखन घालावं तसं त्यांनी ते सावकाश म्हटलं आणि मी उतरवून घेतलं. ‘वैयक्तिक’ची वेलांटी पहिली की दुसरी, म्हणून माझा हात क्षणभर थांबलाही. नोकरी जात होती आणि मी शुद्धलेखनाचा विचार करत होतो.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी नऊ वर्षं डिस्पॅचला होतो. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेंट शॉपमधला एक जण गेला. त्याच्या विम्यावर नॉमिनीचं नावच नव्हतं. म्हणून जूनमध्ये सगळ्यांकडून अपघात विम्याचे फॉर्म नव्याने भरून घेतले. ज्याच्यासोबत मी सात वर्षं राहत होतो त्याचं नाव मी नॉमिनी म्हणून घातलं. ‘नातं’ या रकान्यात आधी ‘मित्र’ लिहिलं. मग ते खोडून ‘जोडीदार’ लिहिलं आणि खाडाखोड केली म्हणून शेजारी बारीक सही केली. कलम 377 चा निकाल 2018 च्या सप्टेंबरातच लागला होता. आता भ्यायचं कशाला, असं मला खरोखर वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या फॉर्मचा फोटो डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. ‘जोडीदार’भोवती लाल गोल होता. पुढचं काय सांगायचं, आमच्यातल्या कुणालाही ते पाठ असेल. कँटीनमध्ये माझ्या टेबलावरचे डबे एकेक करत दुसरीकडे गेले. गेटपासवर सही करण्याचं काम माझ्याकडून काढलं. मी लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या समितीकडे गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘2013 चा कायदा महिलांच्या तक्रारींसाठी आहे हो. तुमची तक्रार मी कशी घेऊ?’ त्यांचं चुकलं नव्हतं, कायदा तसाच आहे. ऑक्टोबरच्या रिव्ह्यूत शेरा आला, ‘टीममध्ये मिसळत नाहीत.’

आणि मग 16 नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी अडीचला मीटिंग रूममध्ये बोलावलं. एचआरचे साहेब होते, प्लँट हेड होते आणि दाराशी सिक्युरिटीचा सुपरवायझर उभा होता. त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेलो होतो. नऊ वर्षं मला ‘तुम्ही’ म्हणणारे साहेब त्या खोलीत एकदम ‘तू’वर आले. ‘तुझ्यामुळे पोरं शिफ्ट बदलून मागतात. आम्ही प्लँट चालवायचा की हे बघायचं?’ मी विचारलं, ‘माझी चूक काय आहे ते लेखी द्या.’ ते म्हणाले, ‘लेखी दिलं तर सगळीकडे जाईल. तुझ्या आईपर्यंत जाईल. चालेल?’ आईला सगळं पाच वर्षांपासून माहीत होतं. माझ्या जोडीदाराच्या डब्यात शेवग्याची शेंग घालायची नाही हेही तिला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला ते बोलता आलं नाही. का नाही बोललो, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल! धमकी पोकळ होती आणि तरी मी घाबरलो. चाळीस मिनिटं ते चाललं. मोबाइल आधीच बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायला लावला होता. पाणी मागितलं तर म्हणाले, ‘आधी हे उरकू.’ मग कागद, मग पेन.

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. ताई साताऱ्याहून आली आणि तिने माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. ‘हा राजीनामा दबावाखाली घेतला आहे, मी तो मागे घेत आहे, मला कामावर रुजू करून घ्या’, एवढं तीन ओळींचं ईमेल शुक्रवारी सकाळी गेलं. पुढे कोर्टात आमची सगळी केस त्या तीन ओळींवर उभी राहिली. म्हणून जो कुणी भेटतो त्याला मी सांगतो, हातून सही गेली असली तरी त्याच रात्री ईमेल करा. तेही स्वतःच्या आयडीवरून, कारण कंपनीचा आयडी तासाभरात बंद होतो. आणि ज्या फोनवर स्क्रीनशॉट आहेत तो विकू नका, पुराव्याला मूळ फोन लागू शकतो.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते ऐकून मी सुन्न झालो. 2018 च्या निकालाने आपण गुन्हेगार राहिलो नाही, इतकंच. खासगी कंपनीने समलिंगी म्हणून काढलं तर थेट दाद मागता येईल असा कायदा देशात नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे. त्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. तो किती ठिकाणी नेमला असेल हा प्रश्न वेगळा, पण कागदावर हक्क आहे. माझ्यासारख्याला तोही नाही. सरकारी नोकर असतो तर राज्यघटना हातात धरून हायकोर्टात जाता आलं असतं. उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डला याच कारणाने काढलं होतं. 2021 च्या फेब्रुवारीत अलाहाबाद हायकोर्टाने तो आदेश रद्द केला.

बाईंनी मला सिरस सरांचीही आठवण करून दिली. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. 2010 च्या फेब्रुवारीत लोकांनी त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं आणि निलंबित झाले ते सरच. 1 एप्रिलला हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. ते कोर्टात जिंकत होते, हे मी त्या रात्री कितीदा मनात म्हटलं.

माझ्यासाठी वाट निघाली ती आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्यातून. कोर्टात सगळे त्याला ‘पल्प’ म्हणतात. सूडबुद्धीने, उघड खोट्या कारणासाठी किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून कामावरून काढणं ही त्यात अनुचित कामगार प्रथा ठरते. तक्रार नव्वद दिवसांच्या आत लेबर कोर्टात करायची. पण अर्जदार ‘कामगार’ असावा लागतो, आणि माझं पद होतं असिस्टंट मॅनेजर. ते पद मिळालं तेव्हा आईने अख्ख्या वाड्यात पेढे वाटले होते. कंपनीची कैफियत तिथूनच सुरू झाली, हा मॅनेजर आहे, कामगार नाही. बाईंनी विचारलं, ‘तुम्ही कुणाची रजा मंजूर करू शकत होतात का?’ एकाचीही नाही. मी चलन लिहायचो, ई-वे बिल काढायचो, गाड्यांच्या मागे धावायचो. कोर्ट पद बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. मग नऊ वर्षांच्या त्या बढतीचं ओझं उतरवण्यासाठी मी चलनांच्या प्रती शोधत बसलो.

तक्रार लिहिताना बाई म्हणाल्या, ‘हे बघा, खरं कारण न लिहिताही केस उभी राहते. नोटीस नाही, चौकशी नाही, एवढं पुरे. लिहिलंत तर उलटतपासात ते तुम्हाला सोलून काढतील.’ मी म्हटलं, लिहायचंच. परिच्छेद 7 मध्ये लिहिलं: फॉर्म, फोटो, लाल गोल, सगळं. त्या एका परिच्छेदासाठी मी केस लढतोय असं मला तेव्हा वाटत होतं.

उलटतपासात त्यांच्या वकिलांनी राजीनामा माझ्यासमोर धरला. ‘अक्षर तुमचं?’ हो. ‘वैयक्तिक कारण असं तुम्हीच लिहिलंत?’ हो. ‘मग सांगा कोर्टाला, काय होतं वैयक्तिक कारण?’ मी म्हणालो, ‘माझं कारण नव्हतं साहेब, त्यांचं होतं.’ टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी तेवढंच टाइप करायला सांगितलं.

हे सांगून मी थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये मी तडजोड केली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि दुसऱ्या नोकरीत दर तारखेला रजा मागणं अवघड झालं होतं. आठ महिन्यांचा पगार, अडवून ठेवलेली ग्रॅच्युइटी आणि अनुभवपत्र एवढं ठरलं. बदल्यात पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, एक ओळ होती, ‘परिच्छेद 7 मधील आरोप अर्जदार मागे घेत आहे.’ मी सही केली. या वेळी कुणी दाराशी उभं नव्हतं, पाण्याचा ग्लासही समोर होता. पैसे जमा झाले त्या दिवशी मला हलकं वाटलं, हे मी नाकारणार नाही.

दोनच महिन्यांनी, 17 ऑक्टोबरला, सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला मनाई नाही. ती बातमी जोडीदाराने मोठ्याने वाचून दाखवली. मला तो अपघात विम्याचा फॉर्म आठवला आणि मी उठून गॅलरीत गेलो.

आता ओळखीतून कधी कधी फोन येतात. परवा, 20 मेला, रांजणगावच्या एका पोराचा आला. डिप्लोमा झालेला, आवाजात कापरं. ‘दादा, मी सही करून बसलोय.’

‘काय लिहिलंस?’

‘वैयक्तिक कारणास्तव.’

‘तारीख?’

‘10 मार्च.’

मी भिंतीवरचं कालनिर्णय उचकटून मार्चचं पान काढलं आणि बोटाने मोजत गेलो. 8 जूनला नव्वद दिवस भरत होते. त्याला म्हटलं, ‘एकोणीस दिवस आहेत. उद्या सकाळी वकीलबाईंकडे ये. आणि येताना चलनं, पगाराच्या स्लिपा, जे काय हाती लागेल ते सगळं घेऊन ये.’