बुबूजी खानम

आदिलशाहीच्या फारसी तवारिखांत आयुष्याची तीस वर्षे घालविलेला मी डोंबिवलीकर ठाण्यात वा कल्याणात व्याख्यानास उभा राहिलो, की एक प्रश्न ठरलेला असतो: कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची हकीकत खरी काय? ती कथा उत्तरकालीन बखरींच्या आधारावर उभी आहे, असे मी सांगतो आणि श्रोते किंचित हिरमुसतात. परंतु ज्या विजापूर दरबाराचा अंमल १६३६च्या तहानंतर कल्याण प्रांतावर बसला आणि १६५७त शिवाजीमहाराजांनी जो उठविला, त्या दरबाराचे राजघराणे ऐन आरंभीच बुडता बुडता एका मराठा स्त्रीने तारिले होते, याविषयी मात्र आजवर मला कोणी काही विचारलेले नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष युसुफ आदिलखान. तो उस्मानी सुलतान मुरादचा पुत्र, मातेने युक्तीने वाचवून परदेशी धाडलेला, असे फिरिश्ता लिहितो. पण फिरिश्ता इब्राहिम दुसऱ्याच्या पदरी होता, आणि धन्याच्या पूर्वजास राजपुत्र करणे हा सर्वच दरबारी कलमांचा जुना शिरस्ता असल्याने, युसुफ तुर्क होता यापलीकडे जाण्यास मी धजत नाही. याने मुकुंदराव नामक मराठा सरदाराच्या घरची मुलगी केली आणि तिला बुबूजी खानम हा किताब दिला. ‘खानम’ तुर्की, ‘जी’ आपल्याकडचे. माहेरचे नाव फिरिश्ता देत नाही. अलीकडच्या पुस्तकांतून ‘पुंजी’ असे एक नाव फिरते, त्याची जबाबदारी मी घेत नाही.

१५१०त युसुफ वारला. पुत्र इस्माईल अल्पवयीन, कारभार कमालखानाच्या हाती. आणि कारभाऱ्याने स्वतःच तख्तावर बसण्याचा मनसुबा केला. तेव्हा पडद्याआडच्या या स्त्रीने युसुफ तुर्क नावाच्या एकनिष्ठ माणसास, मक्केच्या यात्रेस निघण्यापूर्वी निरोप घेण्याच्या मिषाने, कमालखानाकडे पाठविले. खान विडा देण्यास पुढे झाला आणि त्याच क्षणी खंजीर त्याच्या देही शिरला. मारेकरीही तेथेच कापला गेला. येथवरची हकीकत कोणत्याही राजवाड्यात घडावी अशीच. विलक्षण आहे ते यापुढे. कमालखानाच्या वृद्ध मातेने अश्रू गिळून पुत्राचे प्रेत वस्त्रे चढवून, जणू जिवंतच आहे असे, मसनदीवर बसविले, आणि नातू सफदरखान यास महालावर हल्ला करण्याचा हुकूम दिला. दोन्ही पक्षांच्या मसलती अशा दोन मातांच्या हाती! इकडे बुबूजी आणि इराणातून आलेली नातलग दिलशाद आगा पुरुषी वेष करून, धनुष्यबाण घेऊन मोजक्या शिबंदीसह लढल्या. सफदरच्या डोळ्यात बाण रुतला, तो भिंतीच्या आडोशास आला आणि वरून इस्माईलने लोटलेल्या शिळेखाली मेला. हे १५११चे.

पुढे १५२४त सोलापुरी बुबूजीची कन्या मरियम बुऱ्हाण निजामशहास दिली, आणि आंदण म्हणून ठरलेल्या सोलापूरच्या किल्ल्यावरून मेहुणे एकमेकांशी लढू लागले. त्या रडकथेत मी शिरत नाही.

मला अधिक विचारात पाडते ते इस्माईलचे संगोपन. बापाच्या इच्छेनुसार दिलशाद आगाने त्यास दख्खनी मंडळींपासून दूर, तुर्की आणि फारसी वळणात वाढविले, आणि त्याची रुची जन्मभर तशीच राहिली. मराठा आईचा मुलगा असा परका झाला. परंतु त्याचाच मुलगा पहिला इब्राहिम १५३४त गादीवर आला, त्याने परदेशी सरदारांपैकी बहुतेकांस रजा दिली आणि महसुली हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपविले. आमच्यातील काही उत्साही मंडळी यात आजीच्या रक्ताचा प्रताप पाहतात. मोह मलाही झाला होता, हे कबूल करतो; पण चार जमाबंदीचे कागद चाळले की तो उतरतो. वसुलाचा हिशेब ठेवणारा, शेतसाऱ्याची बाकी तोंडपाठ असणारा गावचा कुळकर्णी मराठीतच लिहीत होता, आणि त्याची फारसी करून घेण्यास सरकारास दर वर्षी वेगळा मुनशी पोसावा लागत होता.