अब्बांची काही चूक नव्हती

घरातला जुना कॉम्प्युटर फार रखडू लागला, तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं. एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप घेतला आणि मशीन पुन्हा चालू लागलं. अब्बांचं खातं वेगळं, माझं वेगळं.

अब्बांना मधुमेह आहे. त्यांचे रिपोर्ट ई-मेलवर पीडीएफ स्वरूपात येतात. एकदा मगरिबनंतर ते म्हणाले, "बेटी, रिपोर्ट उघडला की चित्रं काढायचं काहीतरी समोर येतं." मी माझ्या खात्यातून तीच फाइल उघडली. व्यवस्थित दिसली. "माझ्याकडे तर उघडते, अब्बा. तुम्हीच काहीतरी दाबलं असेल," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, साखर एवढी वाढली, रिपोर्ट पाहिले नाहीत का? तेव्हा कळलं, अब्बांनी त्यानंतर एकही रिपोर्ट उघडला नव्हता. "हात लावला तर बिघडेल असं वाटलं," एवढंच ते म्हणाले.

त्या रात्री मी मुळाशी गेले. लिनक्स आधी फाइलचा प्रकार ओळखतं. नावाच्या शेपटावरून, गरज पडल्यास आतला मजकूर पाहून. प्रत्येक प्रोग्राम आपल्यासोबत एक छोटी नोंद आणतो: मी अमुक प्रकारच्या फाइली उघडू शकतो. एका प्रकाराला असे अनेक दावेदार असतात. त्यातला कोण, हे 'माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट' नावाच्या साध्या फाइलीत लिहिलेलं असतं. ही फाइल प्रत्येकाच्या खात्यात स्वतंत्र असते. तिथे पसंती नसेल तर प्रणाली बनवणाऱ्यांची पसंती पाहिली जाते. तीही नसेल तर दावेदारांपैकी कुणीतरी एक निवडला जातो.

मुलीच्या शाळेच्या पोस्टरसाठी 'गिम्प' हा चित्रांचा प्रोग्राम मीच टाकला होता. तोही पीडीएफ उघडू शकतो. माझ्या खात्यात मी पसंती पूर्वीच ठरवली होती, म्हणून मला काही जाणवलं नाही. अब्बांच्या खात्यात ती जागा रिकामी होती. तिथे गिम्प जाऊन बसला.

उपाय एका मिनिटाचा होता. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबायचं, 'ओपन विथ'मधून दुसरा प्रोग्राम निवडायचा पर्याय घ्यायचा, पीडीएफ वाचायचा प्रोग्राम निवडायचा आणि या प्रकारच्या फाइलींसाठी हाच कायम ठेवा, अशा अर्थाच्या चौकटीत खूण करायची. मात्र हे अब्बांच्याच खात्यातून करावं लागलं. माझ्या खात्यातून कितीही केलं असतं, तरी त्यांच्याकडे काही बदललं नसतं.

सकाळी मी त्यांची माफी मागितली. त्यांनी स्वतः रिपोर्ट उघडला, चष्मा सावरला आणि म्हणाले, "म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं."

"नाही, अब्बा."

आता घरात कुणी अडचण सांगितली, तर मी आधी त्यांच्या खुर्चीवर बसून पाहते.