काचेवरचे मिठागर

चौतीस वर्षे मी शाळेत शिकविले. त्या काळात फळा नीट पुसला नाही म्हणून किती मुलांना रागे भरलो असेन, याची गणती नाही. खडूची पांढुरकी छटा फळ्यावर राहिली, की तिच्यावर लिहिलेले अक्षर मागच्या बाकावरील मुलाला दिसत नाही, हे मी दरवर्षी नव्या उत्साहाने सांगत असे. तोच मी निवृत्तीनंतर मोटारीच्या काचेच्या बाबतीत त्या मुलांहून अधिक बेफिकीर निघालो. ही हकीकत सांगताना मला थोडी लाज वाटते. पण ती सांगितलीच पाहिजे.

आमचे घर नायगावच्या पश्चिमेला आहे. तुमच्यापैकी कोणी मुंबईहून विरारकडे आगगाडीने गेला असेल, तर त्याने आमचे गाव खिडकीतून पाहिले असेल. भाईंदर सुटते, गाडी वसईची खाडी ओलांडू लागते, मध्येच पाणजूचे बेट मागे पडते आणि मग नायगाव येते. येथील मिठागरे पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. आता ती पूर्वीइतकी राहिली नाहीत. तरी पावसाळा सरला, की खाजणाच्या बाजूला पाण्याचे चौकोनी वाफे अजूनही आरशासारखे चमकताना दिसतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या कडेने मिठाचे शुभ्र ढीग उभे राहतात. लहानपणी मला वाटे, की हे ढीग कोणीतरी बाहेरून आणून ओतत असावे!

निवृत्त झाल्यावर माझ्या मुलाने त्याची जुनी लहान मोटार मला दिली. मी ती हळूहळू चालविण्यास शिकलो. रोज सकाळी गाडी धुवावयाची, हा माझा नेम झाला. विहिरीचे बादलीभर पाणी काढावे, त्यात साबणाचा भरपूर फेस करावा, काचा खसाखसा घासाव्या, वरून दोन तांबे पाणी ओतावे आणि गाडी उन्हात उभी करून आपण चहा घ्यावयास जावे. चहा होईपर्यंत काचा वाळत. मात्र त्यांवर पांढऱ्या रेघा उमटत, आणि रेघांच्या मधल्या जागेत धुक्यासारखा एक पडदा राही. मी म्हणे, "असो! जुनी काच आहे." आळसाला शहाणपणाचे नाव देण्यात आम्हां शिक्षकांचा हात कोणी धरणार नाही.

एके वर्षी डिसेंबरमधील सकाळ होती. रेल्वेच्या पलीकडे, जूचंद्रला, एका जुन्या विद्यार्थ्याकडे मला जावयाचे होते. एका वळणानंतर रस्ता थेट पूर्वेला गेला, आणि नुकताच वर आलेला सूर्य अगदी माझ्या समोर आला. त्या क्षणी पुढची काच एकदम पेटल्यासारखी पांढरी झाली. तोवर ज्या रेघा मला जेमतेम दिसत होत्या, त्यांतील प्रत्येक रेघ आता दिव्यासारखी उजळली. रस्ता, झाडे, माणसे, काहीएक दिसेना. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी थांबली. थोड्या वेळाने काचेवर हाताची सावली धरून पाहतो, तो गाडीच्या पुढे, हातभर अंतरावर, शाळेच्या गणवेशातील एक मुलगी सायकल धरून उभी!

मी धडपडत खाली उतरलो. तिला कोठेही लागले नव्हते. तिचे दप्तर मात्र खाली पडले होते, ते मी उचलून दिले. ती रडली नाही, की ओरडली नाही. तिने एवढेच म्हटले, "आजोबा, मी वळायच्या आधी हात दाखवला होता."

तिने खरोखरच हात दाखविला होता. तिच्या शिक्षकांनी शिकविलेला नियम तिने पाळला होता. तो पाहावयास माझ्याजवळ काच नव्हती. जूचंद्रला जाणे मी रद्द केले आणि चालण्याच्या वेगाने गाडी घरी आणली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळे गाव त्यांना दादा म्हणते. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालविली. त्यांची ती पद्मिनी! त्या जातीच्या टॅक्सींचा मुंबईतील प्रवास २०२३ च्या ऑक्टोबरात संपला, तेव्हा दादांनी त्या दिवसाचे वर्तमानपत्र जपून ठेविले. मी त्यांना सकाळचा प्रकार सांगितला. ते काही बोलले नाहीत. उठून माझ्या गाडीपाशी आले, काचेवरून त्यांनी एक बोट फिरविले आणि ते बोट जिभेला लावून म्हणाले, "मास्तर, तुम्ही काचेवर मिठागर घातलंय की हो!"

मी हसलो, पण विचार करू लागलो, तसे ते वाक्य शब्दशः खरे असल्याचे ध्यानात आले. मिठागरात काय करतात? भरतीचे पाणी वाफ्यात घेतात आणि उन्हावर सोडून देतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन ते उडून जाते. क्षाराला उडता येत नाही, तो मागे राहतो. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे. त्यात समुद्राइतके मीठ नाही, हे खरे. परंतु मी रोज ते काचेवर ओतीत होतो आणि रोज उन्हात वाळवीत होतो. शिवाय त्यात साबणही होता. खाऱ्या वाऱ्यातून येऊन काचेवर बसणारे मीठ आणखी वेगळेच. हे मीठ मोठे लहरी असते. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली, की ते हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. म्हणून पहाटे काच ओलसर व चिकट लागते. ऊन चढले, की पुन्हा त्याचे बारीक कण होतात. स्वच्छ काचेतून प्रकाश सरळ पार जातो. ह्या कणांवर पडलेला प्रकाश मात्र दाही दिशांना विखुरतो. सूर्य माथ्यावर असताना ते फारसे जाणवत नाही. तो समोर आणि खाली आला, की सारी काच पांढरी होते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनीही हेच घडते.

दुसऱ्या दिवशी दादांनी मला शिष्य केले. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी गाडी सावलीत घेतली. "तापलेल्या काचेवर फडकं फिरायच्या आधीच पाणी सुकतं," ते म्हणाले. मग नुसत्या पाण्याने काच भिजवून धूळ वाहून जाऊ दिली. मी कोरडे फडके उचलले होते, ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले. धुळीत वाळूचे कण असतात, कोरडे घासले की ते काचेवर चरे पाडतात, आणि चरा कशानेही जात नाही. साबण? बादलीला एक थेंब, आणि तोही काच तेलकट असेल तरच. शेवटचा हात त्यांनी पावसाच्या पाण्याने घेतला. पावसाळ्यात ते दोन कॅन भरून ठेवितात, कारण त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. पावसाचे पाणी संपले, तर पेट्रोलपंपावर बॅटरीत घालण्यासाठी शुद्ध पाण्याची बाटली मिळते, ती ते वापरतात. (बॅटरीचे आम्ल निराळे, मुलांनो! त्याला हात लावू नका.)

फडकी दोन होती, आणि दोन्ही जुन्या धोतराची. नव्या कापडाचे तूस काचेला चिकटते. एक ओले करून घट्ट पिळलेले. दुसरे अगदी कोरडे. ओले पुढे चाले आणि लगेच त्याच्या मागून कोरडे, असे की पाण्याला स्वतः होऊन वाळण्यास क्षणाचीही सवड मिळू नये. माझ्या तरुणपणी वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसण्याची चाल होती. ती मी सुचविताच दादा म्हणाले, "पेपर वाचायला ठेवा, मास्तर. शाई हाताला लागते आणि हात सगळ्या गाडीला." विहिरीच्या पाण्याचे जुने डाग कशानेच निघेनात, तेव्हा त्यांनी फडक्यावर थोडे व्हिनेगर घेतले. पाण्यातील चुना पाण्याला दाद देत नाही, आंबटाला देतो. वायपरचे रबरही त्यांनी पुसले, आणि फडक्यावर जी काळी रेघ उमटली ती मला मुद्दाम दाखविली.

ह्या वायपरची मला नेहमी गंमत वाटते. १९०३ साली अमेरिकेतील मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी आतून दांडा फिरवून काच पुसण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. म्हणजे समोरचे दिसावे ही चिंता मोटारीइतकीच जुनी आहे.

बाहेरची काच झाली आणि मी फडके झटकले. तोच दादा दार उघडून आत जाऊन बसले. माझ्या तर हे कधी मनातही आले नव्हते! गाडी उन्हात उभी राहिली, की आतील प्लॅस्टिक तापते, त्याची सूक्ष्म वाफ निघते आणि काचेवर आतून तेलकट थर धरते. तेच ते माझे धुके. ते मी वर्षभर बाहेरून घासत होतो! आतील काच त्यांनी आडवी पुसली. बाहेरची उभी पुसली होती. असे का, म्हणून मी विचारले.

"रेघ राहिली तर कळायला हवं ना, कुठल्या अंगाला आहे ते," दादा म्हणाले.

इतकी साधी युक्ती. पण मला ती सुचली नसती. चौतीस वर्षांत मी फळा एकाच बाजूने पुसला होता.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच वेळी त्याच रस्त्याने गेलो. सूर्य समोर आला. डोळे दिपले, म्हणून मी वेग कमी केला. परंतु काच पेटली नाही. रस्त्याच्या कडेने चार-पाच मुले सायकलींवरून शाळेला चालली होती. त्यांत ती होती की नाही, ते मला सांगता येणार नाही. एका मुलीने उजवा हात बाहेर काढला. मी गाडी थांबविली आणि ती वळून जाईपर्यंत थांबलो.

आज पहाटे निघण्यापूर्वी पाहतो, तो काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ दिसली. ती उभी होती. मी कोरडे फडके घेऊन बाहेर उतरलो.